गेम बनवायला शिकताना पहिले साधन: साठ वर्षांचा मागोवा



दर वर्षी सत्र सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यात कोणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहते. "सर, गेम बनवायला शिकायचंय. कुठल्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू?" पूर्वी मी एखादे नाव सांगून मोकळा होत असे. तीन महिन्यांनी तोच विद्यार्थी जिन्यात भेटला की कळे, ते सॉफ्टवेअर उतरवून घेण्यातच आठवडा गेला, लॅपटॉप तापून बंद पडू लागला, व्हिडिओतला धडा जुन्या आवृत्तीचा निघाला आणि गेम राहून गेला. वर तो म्हणे, "मला प्रोग्रॅमिंग जमत नाही, सर." हे ऐकून वाईट वाटे, कारण त्याला प्रोग्रॅमिंग जमले नव्हते असे नव्हतेच. त्याने ते अजून केलेच नव्हते.

तेव्हापासून मी नाव सांगायच्या आधी थोडा इतिहास सांगतो. नवशिक्याला सोपे जाणारे साधन म्हणजे काय, हा प्रश्न आजचा नाही. १९६४ पासून लोक त्याची उत्तरे शोधत आले आहेत, आणि प्रत्येक उत्तरात काहीतरी हाती लागले, काहीतरी हातचे गेले. हे टिपण म्हणजे त्याचा संपूर्ण इतिहास नव्हे. जिथे आजच्या निवडीसाठी काही उपयोगी सापडते, तिथे मी जास्त थांबलो आहे.

टाइपरायटरवरचे खेळ

साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग्रॅम चालवणे म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीत देऊन येणे. निकाल काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तेवढेच कळायचे आणि पुन्हा रांग. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणित शिकवणाऱ्या जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोघांना हे पटत नव्हते. त्यांच्या कॉलेजातील बरीच मुले विज्ञानाची नव्हती, आणि संगणक त्यांनाही वापरता यावा असा त्यांचा आग्रह होता. १ मे १९६४ च्या पहाटे बेसिक भाषेतले पहिले प्रोग्रॅम तिथे चालले.

बेसिकची आठवण आपण 'सोपी भाषा' म्हणून काढतो. तिचे शब्द सोपे होतेच: प्रिंट, लेट, इफ, गो टू. पण तिच्याबरोबर तिथे चालू झालेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, ती म्हणजे टाइम-शेअरिंग. एका संगणकाला अनेक टेलिटाइप यंत्रे जोडलेली, प्रत्येकापुढे एक विद्यार्थी बसलेला. तुम्ही ओळ टाइप करायची, 'रन' म्हणायचे आणि उत्तर तिथल्या तिथे कागदावर उमटायचे. सेकंदाला दहा अक्षरे, खडखड आवाज करत. आज हे हास्यास्पद वाटेल. पण कार्डांच्या गठ्ठ्यातून आलेल्या माणसाला तो चमत्कार होता. आपण काय बदलले हे डोक्यात ताजे असतानाच त्याचा परिणाम समोर येत होता. बदल आणि परिणाम यांच्यातले हे अंतर पुढे वाचताना ध्यानात ठेवा. साधन सोपे की अवघड, हे बऱ्याचदा भाषेपेक्षा या अंतरावर ठरते.

पडदा नसतानाही खेळ लिहिले गेले, हे विशेष. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन हायस्कूलच्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने चांद्रयान उतरवण्याचा खेळ लिहिला. भाषा होती फोकल, बेसिकसारखीच नवशिक्यांसाठीची. चित्र एकही नाही. दर दहा सेकंदांनी यंत्र तुमची उंची, वेग आणि उरलेले इंधन छापणार, तुम्ही पुढच्या दहा सेकंदांत किती इंधन जाळायचे तो आकडा देणार. गुरुत्वाकर्षण आपले काम करत राहणार. शाळकरी मुलाने वर्गात शिकलेली गतीची समीकरणे घेतली आणि त्यांचा खेळ केला. गेम बनवायला शिकणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

असे खेळ टेलिटाइपच्या खोल्यांतून बाहेर आले ते डेव्हिड अहल यांच्यामुळे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये शिक्षणविभागात काम करताना त्यांनी ठिकठिकाणचे खेळ गोळा केले आणि १९७३ मध्ये '१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स' हे पुस्तक काढले. चांद्रयानाचा खेळही बेसिकचा पोशाख घालून त्यात आला. १९७८ मध्ये घरगुती संगणकांसाठी नवी आवृत्ती निघाली, आणि संगणकावरचे दहा लाखांवर खपलेले पहिले पुस्तक म्हणून ती ओळखली जाते. या पुस्तकात सीडी नव्हती, फ्लॉपी नव्हती. होत्या त्या छापील ओळी. वाचकाने त्या एकेक करून स्वतः टाइप करायच्या. टाइप करताना चूक व्हायचीच, खेळ चालायचा नाही, मग ओळ न् ओळ पडताळून पाहायची. कंटाळवाणे काम खरे, पण त्यात डीबगिंगचा अभ्यास आपोआप होत असे. शिवाय एक गोष्ट गृहीतच होती: जो खेळ तुम्ही खेळता, त्याचा पूर्ण प्रोग्रॅम तुमच्या हातात असतो. पुढे ही गोष्ट हळूहळू नाहीशी होत गेली.

दरम्यान बोस्टनजवळ वेगळीच खटपट चालली होती. १९६७ मध्ये वॉली फॉइर्झाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. काही वर्षांनी तिच्यात कासव आले; आधी जमिनीवर चालणारे यंत्र, मग पडद्यावरचा त्रिकोण. 'पुढे १००, उजवीकडे ९०' असे चार वेळा सांगितले की चौरस. गंमत अशी की मुले आज्ञा देण्याआधी स्वतः उठून चालून बघत. पॅपर्ट यांची कसोटी अशी सांगितली जाते: साधनाचा उंबरठा ठेंगणा हवा आणि छत उंच हवे. म्हणजे आत शिरायला त्रास नको, आणि शिरल्यावर डोके आदळायला नको. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती कठीण, ते पुढच्या इतिहासात दिसते.

गोरिला आणि केळे

भारतात ही लाट उशिरा आणि विरळ पोहोचली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. ब्रिटनमध्ये एकॉर्न कंपनीने बनवलेल्या या यंत्राची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिली होती. संगणक चालू केला की थेट बेसिकच समोर. आयकॉन नाहीत, मेनू नाही. लिहाल तर काहीतरी होईल, नाहीतर कर्सर लुकलुकत राहील. ज्यांच्या शाळेत ते यंत्र आले त्यांचे भाग्य. माझ्या शाळेत आले नाही.

माझी गाठ पडली ती नव्वदच्या दशकात, डॉसवरच्या क्यूबेसिकशी. १९९१ मध्ये एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर क्यूबेसिक मिळू लागले, आणि त्यासोबत नमुन्यादाखल काही फाइली येत. त्यांतली एक होती गोरिला. दोन गोरिला शहरातल्या उंच इमारतींवर उभे. आळीपाळीने एकमेकांवर केळी फेकायची. कोन सांगायचा, वेग सांगायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. केळे सूर्याला लागले तर सूर्य आश्चर्याने तोंड वासत असे. खेळ सुरू होताना यंत्र गुरुत्वाकर्षण किती ठेवायचे तेही विचारी, आणि पृथ्वीचे ९.८ हे तिथे लिहिलेले असे.

आम्ही चार मुले एका संगणकापुढे बसून हे खेळत होतो. माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे असलेल्या मुलाने एक दिवस खेळ थांबवून फाइल वरखाली करून दाखवली. तोपर्यंत माझी समजूत होती की खेळ म्हणजे बंद डबी. ती फाइल साधा मजकूर होती. केळ्याचा मार्ग काढणारे समीकरण तिथे होते, बारावीच्या पुस्तकात होते तेच. एफ-पाच दाबले की खेळ चालू, बंद केला की पुन्हा मजकूर. आम्ही वेग ठरवणारा एक स्थिरांक बदलला, केळे भलत्याच चालीने जाऊ लागले, आणि आम्ही इतके हसलो की बाईंनी बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

त्या दिवशी मी प्रोग्रॅमिंग शिकलो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एवढेच झाले की खेळणारा आणि बनवणारा यांच्यातली भिंत कागदाची निघाली. तुम्ही कुठलेही साधन निवडा, हा अनुभव पहिल्या आठवड्यात यायला हवा. दुसऱ्याने केलेला, चालणारा छोटा खेळ उघडायचा, एक आकडा बदलायचा, काय होते ते पाहायचे. ज्या साधनात हे करता येत नाही किंवा करायला महिना लागतो, ते तुमच्यासाठी पहिले साधन नव्हे, मग त्यावर किती का मोठे गेम बनलेले असोत.

तयार संचांचा मोह

भाषा शिकायलाच नको, तयार भाग जोडून खेळ करता आला तर? १९८३ मध्ये बिल बज यांचा पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट आला. ॲपल टू संगणकाच्या पडद्यावर एक छोटा हात. त्याने फ्लिपर उचला, बंपर उचला, टेबलावर ठेवा, खेळून पाहा. गुरुत्वाकर्षण कमीजास्त करण्याचीही सोय होती. माउस घरोघरी पोचण्याआधीची ही गोष्ट आहे. उंबरठा जवळजवळ जमिनीलाच टेकलेला. पण छत? पिनबॉलखेरीज दुसरे काही बनवता येत नसे. असे संच पुढे पुष्कळ आले. जपानमध्ये १९९२ पासून आरपीजी मेकर, युरोपात क्लिकटीमचे १९९४ चे क्लिक अँड प्ले. आरपीजी मेकरवर केलेला कान गाओ यांचा 'टू द मून' हा २०११ चा खेळ पाहिला तर कळते की ठेंगण्या छताखालीही मन हलवणारी गोष्ट सांगता येते.

या घराण्यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे झेडझेडटीची. टिम स्वीनी नावाचा विद्यार्थी पास्कलमध्ये टेक्स्ट एडिटर लिहीत होता. कर्सरला त्याने पात्र केले, अक्षरांच्या भिंती केल्या, आणि १९९१ मध्ये झेडझेडटी हा खेळ बाहेर पडला. चित्रे नाहीत, सगळे जग अक्षरे-चिन्हांचे. पण खेळाबरोबर ज्या एडिटरने तो बनवला तो एडिटरही दिलेला, आणि वस्तूंना हुकूम देणारी एक चिमुकली भाषा. लोकांनी त्यावर आपापली जगे रचली. स्वीनी यांची कंपनी पुढे एपिक गेम्स झाली. १९९८ मध्ये 'अनरिअल' हा खेळ आला, त्याच्याही पाठीशी इंजिन आणि एडिटर होते. आज ज्याला आपण अनरिअल इंजिन म्हणतो ते याच वाटेवरचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' याच इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीवर बनला. टेक्स्ट एडिटरच्या कर्सरपासून बाळी बेटावरच्या आणि राजस्थानी शैलीतल्या महालांपर्यंतचा हा प्रवास आहे.

उंबरठा आणि छत यांचा सांधा बऱ्यापैकी जुळवला तो गेम मेकरने. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. सुरुवातीचे नाव ॲनिमो, उद्देश साध्या ॲनिमेशनचा. तुमच्यापैकी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे नाव दुसरीकडे वाचले असेल: कॉम्प्युटेशनल जॉमेट्रीच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या लेखकांपैकी हे एक. एवढा मोठा संशोधक मुलांनी खेळ कसे करावेत यात डोके घालतो, याचे मला कौतुक वाटते. त्यांची युक्ती अशी होती की घटना आणि कृती यांच्या चिठ्ठ्या ओढून जोडायच्या: 'कळ दाबली तर' इकडे, 'डावीकडे सरक' तिकडे. चिठ्ठ्या अपुऱ्या पडू लागल्या की त्याच जागी कोड लिहायचा. जिना एकच, पायऱ्या लहान. डेरेक यू यांचा २००८ चा 'स्पेलंकी' आणि टोबी फॉक्स यांचा २०१५ चा 'अंडरटेल' याच साधनावर झाले. नवशिक्यांचे साधन म्हणजे दुय्यम साधन, ही समजूत या दोन नावांपुढे टिकत नाही.

आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्या काळात यातले फारसे काही भेटले नाही. त्याला भेटला टर्बो सी. ग्राफिक्स डॉट एच ही फाइल जोडायची, इनिटग्राफ म्हणायचे, आणि पडद्यावर एक गाडी डावीकडून उजवीकडे न्यायची. देशभरात किती लाख गाड्या अशा गेल्या असतील! बोरलँड कंपनीने टर्बो सी १९८७ मध्ये आणला, आणि मूळ डॉस गेल्यावरही डॉसबॉक्समध्ये घालून तो कित्येक प्रयोगशाळांत चालवला गेला. या प्रकाराची टिंगल करण्याची आता पद्धत आहे. मी करत नाही. साधन मेलेले होते, पण त्यात शिकलेला ब्रेझेनहॅमचा रेषेचा अल्गोरिदम, सहनिर्देशक, 'पुसा, सरकवा, पुन्हा काढा' ही साखळी, हे सगळे जिवंत होते आणि आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या गाडीपुढे खड्डा आला, उडी मारली, गुण मिळाले, इथपर्यंत आम्ही मुलांना जाऊच दिले नाही. गाडी पलीकडे पोचली की प्रयोग संपला, जर्नलवर सही झाली.

फ्लॅश, आणि माझी एक चूक

१९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने फ्यूचरस्प्लॅश हे ॲनिमेशनचे साधन विकत घेतले आणि त्याचे फ्लॅश झाले. २००० साली पाचव्या आवृत्तीत ॲक्शनस्क्रिप्ट आली, आणि चित्र काढणाऱ्या माणसाच्या हाती प्रोग्रॅमिंग आले. चित्र काढा, त्यालाच कोड चिकटवा, ब्राउझरमध्ये टाका, जगाने खेळावे. न्यूग्राउंड्ससारख्या ठिकाणी एका पिढीने आपले पहिले खेळ मांडले. 'मीट बॉय' हा २००८ चा फ्लॅश खेळच पुढे 'सुपर मीट बॉय' झाला. बदल आणि परिणाम यांतले अंतर कमी, आणि खेळ लोकांपर्यंत नेण्याचे अंतर तर जवळपास शून्य. इतके दिलखुलास साधन नंतर क्वचितच झाले.

मीही २०१० च्या सुमारास विद्यार्थ्यांना फ्लॅशवर छोटे खेळ करायला लावत होतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर फ्लॅश का नको, हे जाहीर पत्रात लिहिले होते. मी ते वाचून सोडून दिले. दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२० रोजी, ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला आणि लगेचच ब्राउझरांतून तो गेला.

त्यानंतर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, माझा तो बैलगाडीचा गेम आहे का हो तुमच्याकडे? मुलीला दाखवायचाय." सीडी सापडली. रफल नावाचा मुक्त स्रोताचा एम्युलेटर जुन्या फ्लॅश फाइली चालवतो, त्यात फाइल उघडली. सुरुवातीचे चित्र आले, बैलांच्या घंटा वाजल्या, आणि 'खेळा' बटण दाबल्यावर पुढे काही नाही. मूळ फाइल असती तर त्यातला कोड काढून दुसरीकडे बसवता आला असता. पण मूल्यमापनाला तयार खेळ पुरे म्हणून मी ती कधी मागितलीच नव्हती, आणि त्याचा स्वतःचा जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता. त्याने राग धरला नाही. घंटांचा आवाज तेवढा फोनवर ऐकवा म्हणाला, मी ऐकवला.

तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: तयार खेळाबरोबर मूळ कोड, मूळ चित्रे, आवाज, आणि 'हा खेळ कसा चालतो' हे साध्या मराठीत, हिंदीत, ज्याला जी भाषा येते तीत लिहिलेले एक पान. साधन गेले तरी त्या पानावरून खेळ पुन्हा उभा करता येतो.

चाव्या कोणाकडे

फ्लॅश गेला तो तंत्रज्ञान बदलले म्हणून. साधन जिवंत असतानाही त्याच्या अटी बदलू शकतात, हे २०२३ मध्ये दिसले. युनिटी हे इंजिन २००५ मध्ये डेन्मार्कमधील एका छोट्या चमूने ॲपलच्या मॅक संगणकांसाठी काढले. २००९ मध्ये त्याची एक आवृत्ती फुकट झाली, मोबाइल गेमची लाट आली, आणि जगभर, आपल्याकडेही, गेम शिकणे म्हणजे युनिटी शिकणे असे समीकरण झाले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने जाहीर केले की नव्या वर्षापासून खेळ किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर शुल्क लागेल. शिकाऊ आवृत्तीसाठी अट होती वर्षाला दोन लाख डॉलरची कमाई आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल, आणि त्यापुढे प्रत्येक इन्स्टॉलला वीस सेंटपर्यंत.

तुम्ही म्हणाल, सर, आमचा खेळ दोनशे लोकांनी खेळला तरी पेढे वाटू, आम्हाला काय त्याचे? शिकणाऱ्याच्या खिशाला त्या वेळी काहीच लागत नव्हते, हे खरे. पण वर्षानुवर्षे त्याच साधनावर घर बांधलेल्या छोट्या स्टुडिओंना एका सकाळी कळले की घराच्या चाव्या आपल्याकडे नाहीत. इतका गदारोळ झाला की दहा दिवसांत कंपनीने बरेच पाऊल मागे घेतले, ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्ण रद्द झाले. युनिटी वाईट आहे असे मी यावरून म्हणत नाही. नोकरीच्या जाहिरातींत त्याचे नाव आजही दिसते.

त्या दिवसांत बरेच जण गोदोकडे वळले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी स्वतःच्या कामासाठी लिहिलेले हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले. सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून नाव घेतलेले. नाटकातला गोदो येतच नाही, हा आला. कोणी उद्या विचार बदलला तरी आज हाती असलेली आवृत्ती तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, हा त्या परवान्याचा अर्थ. शिवाय ते एका लहान झिप फाइलीत येते, इन्स्टॉल करावे लागत नाही, जुन्या ग्राफिक्सवर चालण्यासाठी वेगळी सोय आहे, आणि अँड्रॉइडवरही त्याचा एडिटर मिळतो. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

मग तुम्ही काय घ्यावे?

आता दारात उभ्या विद्यार्थ्याला मी आधी तीन गोष्टी विचारतो. लॅपटॉपमध्ये रॅम किती? याआधी एक तरी प्रोग्रॅम स्वतःहून लिहिलास का? आणि कुठला छोटा खेळ करायचा आहे? तिसऱ्याचे उत्तर 'जीटीएसारखा' असे आले तर मी चहा मागवतो, कारण बोलणे लांबणार असते.

प्रोग्रॅमिंग अजिबात केले नसेल तर स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ मध्ये तो खुला केला. लोगोच्या कासवाचेच कुळ, फक्त मांजराच्या रूपात. ठोकळ्यांचे आकारच असे की न जुळणारी गोष्ट जोडता येत नाही, त्यामुळे अर्धविराम राहिला म्हणून रडायची पाळी येत नाही. आणि दुसऱ्याचा खेळ आतून उघडून बघता येतो. गोरिलाची ती सोय इथे परत आली. "हे तर पाचवीतल्या मुलांचं, सर" असे म्हणून नाक मुरडू नका. हार्वर्डचा सीएस-५० हा पदवीचा अभ्यासक्रम स्क्रॅचनेच सुरू होतो. फक्त तिथे मुक्काम ठोकू नका. दोन-तीन आठवडे पुरेत.

पायथन येत असेल तर २००० साली आलेला पायगेम चांगला. खेळाची मुख्य साखळी, म्हणजे कळा वाचा, जग हलवा, चित्र काढा, ती तुम्हालाच लिहावी लागते, आणि एकदा लिहिली की कुठल्याही इंजिनात ओळखू येते. चित्रे, आवाज, पातळ्या असा पूर्ण खेळ करायचा असेल तर गोदो. मर्यादा घालून घेतल्याने काम पुरे होते, असा तुमचा स्वभाव असेल तर पिको-८ पाहा: १२८ बाय १२८ चा पडदा, सोळा रंग, बस. 'सेलेस्ट' हा गाजलेला खेळ आधी २०१५ मध्ये पिको-८ वर चार दिवसांत झाला होता, मग २०१८ मध्ये वेगळ्या साधनावर मोठा झाला. पिको-८ विकत घ्यावे लागते, हे मात्र आधीच सांगतो. अनरिअल पहिल्या वर्षी नको. चार जीबीच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको. तिथे एक आकडा बदलून परिणाम बघेपर्यंत चहा होतो, आणि आपण १९६४ च्या आधीच्या खिडकीपाशी परत जातो.

गेल्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने गोदो घेतले. पहिल्याच तासाला तिने तयार नमुन्यातले उडी मारणारे पात्र पडद्यावर आणले आणि प्रोजेक्टच्या सेटिंग्ज चाळू लागली. "सर, इथे गुरुत्वाकर्षण ९८० लिहिलंय. हे आपलं ९.८ च ना, शंभरानं गुणलेलं?" मी म्हटले, असावे, चंद्रावर किती असते? तिने फोनवर पाहून १६२ लिहिले. उडीचा वेग नमुन्यात होता तोच, ४००. आधी पात्र ८२ पिक्सेल उडत होते, आता तरंगत पडद्याच्या पाऊण उंचीपर्यंत गेले. शेजारच्या बाकावरची दोघे उठून आली. तिने फळ्यावर वेगाचा वर्ग भागिले दोन जी असे सूत्र लिहिले, आकडे घातले, आणि ४९४ उत्तर आल्यावर पडद्यावर मोजून पाहायला परत जागेवर गेली.